वडशापुरतं नाव

वडसा, १२ सप्टेंबर २०२४

संचालिका मॅडम,

तुमच्या कंपनीचं पत्र मिळालं. लेटरहेड छान आहे. 'नवी वाट रंगभूमी, मूल' ही अक्षरं सोनेरी, कोपऱ्यात तुमचा फोटो, फोटोत हनुवटीला बोट लावून तुम्ही काहीतरी मोठा विचार करताय. पहिली ओळ, 'माननीय माधवी मॅडम यांस'. मला वाटलं पोस्टमन चुकला. मग पाकिटावरचं आडनाव पाहिलं तर उंदिरवाडे, म्हणजे मीच.

रिना, सख्ख्या बहिणीला मॅडम लिहिताना तुझा हात अडखळला नाही का गं? मला ताई न म्हणता बाई म्हणायचीस, 'बाई, मले पण ने, बाई, मले पण दे' करत माझ्या मागे मागे फिरणारी पोरगी तू. आता चार वर्षं झाली, फोन नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलास. आईच्या मोबाइलवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट करतेस. म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

तुझं म्हणणं मला समजलं. मी मुखरूभाऊची कंपनी सोडावी आणि या सीझनपासून तुझ्या कंपनीत यावं. मेन रोल, इथल्यापेक्षा जास्त पगार, मूल गावात खोली. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं, 'सावत्र माहेर हे नाटक आपणास संपूर्ण पाठ असल्याचे समजते.'

समजते? कोणी सांगितलं तुला? बाबा ते नाटक लिहून आईला वाचून दाखवायचे तेव्हा आपण दोघी एकाच गोधडीत होतो. तुला पहिला अंक येतो आणि मला तिन्ही येतात, कारण दुसरा सुरू झाला की तू घोरायला लागायचीस. सरळ लिहायचं होतंस, की बहीण नको, नाटक पाहिजे. मला इतकं वाईट वाटलं नसतं.

तरी मी तुझं पत्र पर्समध्ये घालून मुखरूभाऊच्या ऑफिसात गेले. लपूनछपून निघून जाणं मला जमत नाही, ते तुझं काम. पोळा झाल्यापासून वडशाच्या रोडवर सगळ्या नाटक कंपन्यांचे बोर्ड धुऊनपुसून लागलेत आणि गावोगावचे मंडळवाले दिवाळीनंतरची नाटकं ठरवायला येऊन बसतात. ऑफिसात चार गावांची माणसं होती. मुखरूभाऊनं त्यांना चहा पाजून बाहेर काढलं आणि मग तुझं पत्र वाचलं.

"रिनाची कंपनी म्हणजे चार दिवसाची चांदणी," तो म्हणाला. "तू तिकडं गेली तं पस्तावशील, माधवीबाई."

"पस्तावीन तं पस्तावीन."

"काय पायजे तुले? तिनं लिहिला तेवढा पगार मी देतो. पोस्टरवर तुहा फोटो सगळ्याइच्या वर टाकतो. मुंबईवाल्या हिरोइनच्याबी वर."

मी टेबलावरचं तुझं पत्र घडी करून पर्समध्ये घातलं. त्याला वाटलं मी भाव खाते आहे. सतरा वर्षं त्याच्याकडे काम करते, आधी पोरीचा रोल, मग बायकोचा, आता आईचा. इतक्या वर्षांत त्यानं मला काय पाहिजे असं कधी विचारलं नव्हतं.

मग त्यानं चष्मा काढला, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बरं. 'सावत्र माहेर'वर तुह्या बाबाचं, रामाजीचं नाव टाकतो. लेखक म्हणून. आता तं झालं?"

मी खुर्चीवर बसले, रिना. मी आठ दिवस मागून घेतले आहेत. तुला कळवायचं कारण इतकंच, की तू बोली लावलीस आणि तुझ्यावर कोणीतरी बोली लावली. बाजाराचा नियम आहे, रागावू नकोस.

माधवी मॅडम

*

वडसा, १७ ऑक्टोबर २०२४

रिना,

काल आईला घेऊन चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. गर्दी नेहमीसारखी. पुस्तकांच्या दुकानांपाशी आई सारखी थांबत होती. पुस्तकं तिला वाचता येत नाहीत, ती बायकांची तोंडं पाहत होती. तू मागे एकदा तिथे भेटली होतीस ना तिला, माझ्या नकळत. मला सगळं माहीत आहे.

जाताना बस मूलला थांबली. आई खिडकीतून बाहेर पाहत होती. मी पाहिलं नाही. तुझ्या बोर्डावरच्या 'रंगभूमी'मधला 'भू' उडाला आहे, तो तेवढा रंगवून घे. लोक हसतात.

मी मुखरूभाऊकडेच राहते आहे. त्याला हो म्हणून झालं, आठ दिवस कधीच संपले. तुला कळवायला उशीर केला कारण कळवायचं जिवावर आलं होतं.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, 'सावत्र माहेर'सारखंच. चोराच्या घरी पाणी भरते. चार वर्षांपूर्वी बाबा वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू हेच बोलली होतीस, भरल्या मांडवात. मुखरूभाऊ माईक घेऊन म्हणाला, 'आमच्या कंपनीचे जुने प्रॉम्प्टर रामाजी', आणि तू उठलीस. प्रॉम्प्टर नाही, लेखक म्हण, म्हणून ओरडलीस. मी त्याला चहा नेऊन दिला. तू मला सगळ्यांसमोर त्याची मोलकरीण म्हणालीस आणि रात्रीच्या गाडीनं निघून गेलीस. तुला वाटतं तू लढलीस. ओरडून गेलीस, बस. नाटक त्याच्याकडेच राहिलं, त्याच्याच नावावर राहिलं, आणि मी रोज ते बोलत राहिले. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं ना? की बाबांची वाक्यं तिथे अनाथ सोडायची होती?

तुला आठवतं का, नाव का टाकलं नाही असं बाबांना विचारलं तर ते काय सांगायचे? "मुखरूभाऊ म्हणते, उंदिरवाडे वाचून लोक हासतीन. रडाचं नाटक अन् लेखक उंदिर." आणि स्वतःच हसायचे. आपणही हसायचो. मला कितीतरी उशिरा कळलं, की लोक उंदरावर हसणार नव्हते. आडनावावरून घर कळतं, मोहल्ला कळतो, आणि मग वरच्या आळीतलं मंडळ नाटक घेताना विचार करतं. ते बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हसून सोडून देणं त्यांना बरं वाटत असेल. मला नाही बरं वाटत.

आणि ते वाक्य! 'भात झाकून ठेवता येते, भूक नाई येत झाकून ठेवता.' गावोगाव त्याला शिट्ट्या पडतात, म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावतात. मुखरूभाऊ मुलाखतीत सांगतो, मला ते एकदा पहाटे सुचलं. त्याच्या घरी भात कधी झाकून ठेवायची वेळ आली होती? ते वाक्य आईचं आहे. आपल्या चुलीपुढचं आहे.

तुझ्याकडे आले असते तर मला बरा रोल मिळाला असता, बहीण मिळाली असती कदाचित. पण नाटक इथेच राहिलं असतं, त्याच्या नावावर, कायमचं. कोर्टकचेरी करायला तुझ्याकडे काय आहे? बाबांची वही तर मुखरूभाऊनं कधीच नेली. आता निदान पोस्टरवर छापून येईल. छापलेलं पुसता येत नाही.

आणखी एक आठवलं, ते लिहून टाकते. मंडईच्या जत्रेत नाटक होतं, तू पाचेक वर्षांची. पडदा पडला की बक्षिसं वाचायचे, अमक्याकडून हिरोला इतके, तमक्याकडून पेटीमास्तरला इतके. तू फुग्यासाठी दिलेला रुपया घेऊन माईकवाल्याकडे गेलीस आणि म्हणालीस, हा माझ्या बाबाला. तो म्हणाला, "लिहिणाऱ्याले बक्षीस नसते पोरी, फुगा घे." बाबा विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवत होते. त्यांनी ते ऐकलं. तू फुगा घेतला नाहीस, रुपया घट्ट धरून रडत घरी आलीस.

तेव्हा तू मला आवडायचीस.

माधवी

*

वडसा, १५ नोव्हेंबर २०२४

रिना,

तू उत्तर पाठवलं नाहीस. पाठवू नकोस.

पोस्टर आलं. मी खोटं सांगत नाही, आईची शपथ. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या भिंतीवर, बसस्टँडवर आणि ऑफिससमोर. वर माझा फोटो, मुंबईवाल्या हिरोइनपेक्षा चांगला वीतभर मोठा. मला त्याचं काही नाही. खाली लाल अक्षरात, 'लेखक : रामाजी उंदिरवाडे'. बारीक नाही, चांगलं ठळक.

आईला मी हात धरून नेलं. तिला वाचता येत नाही, पण बाबांचं नाव तिला दिसतं. मतदार यादीत, रेशनकार्डावर, तिनं ते बोटानं ओळखून ठेवलेलं आहे. तिनं पोस्टरवर बोट फिरवलं, 'रा'वर थांबली आणि म्हणाली, "हे पाय व माधवी, तुह्या बाबाचं नाव. केवढं मोठं!" मग दुकानदाराला हाक मारून दाखवलं. मग दूधवाल्याला. आता रोज सकाळी ती तिथे जाऊन उभी राहते. कोपरा सुटला होता तर घरून पेज नेऊन चिकटवून आली.

तुझ्यासाठी मी फोटो काढला होता, पण ब्लॉक केलेल्या माणसाचा फोटो पोचत नाही. तूच एकदा येऊन बघ. माझ्याकडे नको येऊस, गल्लीच्या तोंडाशीच आहे. पाहून जा आणि मग सांग, कोण लढलं.

माधवी

*

धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातून, ९ डिसेंबर २०२४, दुपार

रिना,

हे पत्र मी बायनाबाईच्या पडवीत बसून लिहिते आहे. बायनाबाई गोंडीण आहे. नाटकवाल्या बायांची उतरायची सोय तिच्याकडे आहे. तिचे दोन जावई, व्याही, व्याहीण सगळे नाटकासाठी आलेत. कोंबडं कापलं आहे. सगळं गाव पाहुण्यांनी भरलं आहे.

दिवाळीपासून आम्ही नवीन विनोदी नाटकच करत होतो. 'सावत्र माहेर'चा या सीझनचा हा पहिला प्रयोग. गाडीतून उतरले तर समोर बायनाबाईच्या भिंतीवर पोस्टर. माझा फोटो वर, मुंबईवालीपेक्षा वीतभर मोठा. खाली लाल, ठळक अक्षरात, 'लेखक-दिग्दर्शक : मुखरूभाऊ'.

मला वाटलं गेल्या वर्षीचं असेल. पण तारीख आजची. मला वाटलं वरून पट्टी चिकटवली असेल. नखानं खरवडलं. पट्टी नव्हती.

"काऊन व बाई," बायनाबाई म्हणाली, "फोटो चांगला नाई आला का?"

दसरू, आमचा मॅनेजर, पोस्टरं तोच वाटतो. तो खाट टाकून पडला होता. त्याला उठवलं.

"दोन तऱ्हेचे छापले, बाई," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता. "वडशाचे वेगळे. भाऊनं सांगतलं, माधवीबाईच्या गल्लीत लावजो, बसस्टँडवर लावजो, ऑफिससमोर लावजो. बाकी गावाइले जुन्यासारखेच."

"तुले कवापासून मालूम आहे?"

"सगळ्याइलेच मालूम आहे, बाई. पेटीमास्तरलेबी."

सगळ्यांना, रिना. रोज एका गाडीत बसतो, एका टोपल्यातलं खातो. कोणी एक शब्द बोललं नाही.

इथे रेंज नाही. शाळेमागच्या टेकडीवर चढून मी मुखरूभाऊला फोन लावला. तो रागावला नाही, ओशाळला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "टाकतो म्हणलो होतो, टाकलं ना? गावोगावचे मंडळवाले माह्या नावानं नाटक घेतेत. लेखक बदलला तं म्हणतीन, हे दुसरंच नाटक आहे, पैसे वापस करा. पुढच्या सीझनले पाहू." मी म्हटलं, मी आत्ता जाते. तो म्हणाला, "कुठी जाशील? इतक्या साऱ्या गावाइनं तुह्या फोटोवर नाटक घेतलं. त्याइले तोंड दाखवशील का? जाय मंग."

त्याला माझी चांगलीच ओळख आहे. सप्टेंबरमध्ये मी गेले असते तर एकही गाव माझ्या नावावर ठरलेलं नव्हतं. तेव्हा त्यानं मला धरून ठेवलं, गावं ठरवून घेतली, आणि आता मीच ठरलेली आहे. पगारवाढ नव्हती ती, रिना, गाईच्या दाव्याची गाठ होती.

मला राग आला आहे. त्याच्यावर आहेच. स्वतःवर आहे. आणि तुझ्यावरही आहे, कारण तू चार वर्षं आधी बरोबर होतीस आणि ते मला पत्रात लिहावं लागतंय.

पण सगळ्यात जास्त हे, की आई उद्या सकाळी पुन्हा त्या पोस्टरपुढे उभी राहील.

मी संध्याकाळी तोंडाला रंग लावणार. बायनाबाईच्या व्याह्यांनी माझं काय बिघडवलं?

माधवी

*

त्याच गावातून, १० डिसेंबर २०२४

रिना,

कालचं पत्र अजून पोस्टात पडलेलं नाही, त्यातच हे घालते.

काल रंग लावून बसले होते आणि बायनाबाई बघायला आली. तिला रंग लावलेली तोंडं बघायची हौस. तिच्याशी बोलता बोलता मी ब्लाउजमधून दहाची नोट काढली आणि म्हटलं, बाई, पहिला अंक संपला की हे बक्षीस देशील का, माझ्याकडून? तिला काय वाचायला सांगायचं ते दोनदा म्हणून दाखवलं. "चिठ्ठी कायले पायजे," ती म्हणाली, "तोंडानंच सांगतो."

तुला माहीतच आहे, स्टेज कंपनीचं, नट कंपनीचे, पण माईक गावाच्या मंडळाचा. इथल्या मंडळाचा सेक्रेटरी इतवारी नावाचा, डोक्याला मफलर, आवाज असा की बॅटरी संपली तरी चालेल. पडदा पडला. हिरोला बक्षीस, पेटीमास्तरला बक्षीस, विनोदी पार्टला तीन-चार. मी विंगेत उभी. मग इतवारी म्हणाला,

"या नाटकाचे लेखक रामाजी उंदिरवाडे यांना, त्यांच्या मोठ्या मुलीकडून, बक्षीस दहा रुपये!"

कोणी हसलं नाही, रिना. इतकं मोठं मैदान, पालं, शेकोट्या, आणि एकही माणूस उंदिरवाडे ऐकून हसला नाही. फक्त मागून कोणीतरी ओरडलं, "कोण होय हा रामाजी?" तर इतवारी माईकवरूनच, "लेखक होय म्हणलो ना! लेखक मालूम नाई का तुले?"

दसरू धावत गेला. हे कंपनीचं नाही, हे वाचू नका. इतवारीनं मफलर सारखा केला. "माईक आमचा होय. बक्षीस आलं का वाचा लागते. आमच्या गावात दिलेलं बक्षीस लपवत नाई." मी विंगेतून सगळं ऐकत होते. दुसऱ्या अंकात मी आईचं ते भाताचं वाक्य म्हटलं आणि शिट्ट्या पडल्या, तेव्हा पहिल्यांदा मला त्या शिट्ट्यांचा राग आला नाही.

सकाळी इतवारीनं ती नोट मला आणून दिली. लेखक आला नाही तर पोरीनं घ्यावं म्हणाला. ती नोट पुढच्या गावाला कामाला येईल.

बाई

*

वडसा, २४ फेब्रुवारी २०२५

रिना,

सीझन संपत आला. जिथे जिथे 'सावत्र माहेर' झालं तिथे तिथे लेखकाला दहा रुपये गेले. कधी उतरायच्या घरची बाई देते, कधी पोलीस कॅम्पावरचा एखादा रसिक शिपाई, एकदा तर मंडळाच्या अध्यक्षानंच दिले. एका गावात माझ्या दहाच्या मागे लोकांनी आपले दिले. लिहिणाऱ्याले बक्षीस नसते म्हणणारा तो माणूस जिवंत असेल तर त्याला कळलं असेल. बैलांच्या शर्यतींच्या, शंकरपटाच्या दिवसांत तर मंडळवाले आधीच विचारायला लागले, रामाजी कोण, कुठले, त्यांना स्टेजवर का आणत नाही. मी सांगते, ते वारले, आमचे वडील होते. मग ते मुखरूभाऊकडे बघतात.

गुरुवारी त्यानं मला ऑफिसात बोलावलं. त्याच खुर्चीवर बसवलं. चहा मागवला, या वेळी बिस्किटंही.

"माधवीबाई, ते दहा रुपये बंद कर."

"माह्या पैशाचं बक्षीस आहे, भाऊ."

"मालूम आहे. पाय, पुढच्या सीझनले सगळ्या गावाइले एकच पोस्टर. लेखक रामाजी. स्टँपपेपरवर लिहून देतो. पगार अजून वाढवतो. तू फक्त हे बक्षिसाचं नाटक थांबव. लोकं मले चोर समजून राह्यले."

स्टँपपेपर खरोखर टेबलावर होता. सप्टेंबरमध्ये हा कागद समोर आला असता तर मी त्याच्या पाया पडले असते. आता पाहत बसले, आणि मला काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, "पोस्टरवर नाव टाकाचं का नाई, ते तुमच्या हातात आहे. बक्षीस माह्या हातात आहे. मी होळीनंतर तुमच्याकडे नाई."

"नाटक माहं आहे," तो ओरडला. "दुसरीकडं केलं तं कोर्टात खेचीन."

"खेचा. गावंच्या गावं साक्षीले येतीन. माईकवर ऐकलं आहे त्याइनं."

मग तो एकदम म्हातारा दिसायला लागला. बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं आणि निघाले. सतरा वर्षांचं एवढंच उचलून आणलं.

हे सगळं तुला कळवायची घाई नव्हती. खरं पत्र पोंभुर्ण्याचं सांगायला आहे.

पोंभुर्ण्याला परवा प्रयोग झाला. पहिला अंक संपला, सेक्रेटरीनं माझं बक्षीस वाचलं. मी विंगेत पुढच्या एंट्रीला तयार. तो खाली वाकला, कोणाकडून तरी काहीतरी घेतलं, माईकवर आला आणि स्वतःच हसला.

"अन् हे आणखी एक. लेखक रामाजी उंदिरवाडे यांना, त्यांच्या लहान मुलीकडून, मंडईतला एक रुपया."

लोक हसले. एक रुपया! कोणीतरी शिट्टी मारली. पडदा वर गेला, माझी एंट्री आली आणि मी जागची हलले नाही. पेटीमास्तरनं तीच ओळ तीनदा वाजवली. शेवटी कोणीतरी मला ढकललं. स्टेजवर गेले आणि दुसऱ्या अंकाऐवजी पहिल्या अंकातलं वाक्य बोलून बसले. तुला येतो तोच अंक. समोर दिव्यांचा उजेड डोळ्यांत, त्याच्या मागे सगळा अंधार. तू कुठे बसली होतीस ते मला दिसलं नाही. नाटक संपल्यावर रंग न पुसता मी मैदानात धावले, तोवर बैलगाड्या आणि मोटरसायकली निघाल्या होत्या.

मूलहून इतक्या जवळ आलीस आणि भेटली नाहीस. मला फार राग आला. मग रडू आलं. दोन्ही खरं आहे.

तो रुपया सेक्रेटरीनं मला दिला. माझ्याकडे आहे आणि मी तो परत देणार नाही.

तुझ्या कंपनीत येते असं मी अजून म्हटलेलं नाही. ते पत्र कोणा माधवी मॅडमला होतं, तिचा पत्ता मला माहीत नाही. मला न्यायचं असेल तर दुसरं लिही. सोनेरी कागद नको.

पण त्याआधी एक काम आहे. गल्लीच्या तोंडचं पोस्टर उन्हानं फिकं झालं आहे. आई अजून रोज जाते, पेज लावून कोपरे चिकटवते, आल्यागेल्याला सांगते, सगळ्या मुलखात असंच लागलं आहे, धानोऱ्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत. मी होळीनंतर कंपनी सोडली की मुखरूभाऊची माणसं दुसऱ्याच दिवशी त्यावर नवीन चिकटवतील. ती सकाळी तिथे जाईल, बोट फिरवेल आणि तिला 'रा' सापडणार नाही.

ते नाव वडशापुरतंच होतं, हे तिला आधी सांगायला पाहिजे. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भात वाढायला उठले. माझ्याच्यानं होत नाही. मला सगळं नाटक पाठ आहे, पण हे वाक्य मला एकटीला येत नाही.

होळीच्या आधी ये. दोघी मिळून सांगू.

तुझी बाई